हललेली काच

अमरावतीतल्या आमच्या फोटोवाल्याला नोंदवही ठेवायला मी सांगून थकले. निगेटिव्हच्या काचा तो संत्र्यांच्या पेट्यांत उभ्या ठेवी, मध्ये कागद आणि पेटीवर फक्त गावाचे नाव. मी दिसले की म्हणे, “आल्या यादीवाल्या बाई!”

आई गेल्यावर तिच्या एकमेव फोटोला वाळवी लागली. मी धावतच दुकानात गेले. त्याने आईच्या गावाच्या, भातकुलीच्या पेटीतून नेमकी एक काच काढून उजेडात धरली.

“चांगली काच फुटली, बाई. हे दुसरी हाय. माय ऐन टायमाले हासली न् हालली.”

“बिघडलेल्या काचा तर तुम्ही धुऊन तसबिरींच्या चौकटीत बसवता. ही का नाही धुतली?” मी विचारले.

“हासतं मानूस कावून धुवाचं?”

आता भिंतीवर आई किंचित पुसट हसते आहे. नोंदवहीचा विषय मी सोडून दिला.