खंडेनवमीची हळद

आमच्या नंदुरबारच्या केंद्रात मोठं सूक्ष्मदर्शक एकच आणि त्यावर हक्क सांगणारी महाविद्यालयं चार. माशाच्या जिवंत पिल्लाचा मेंदू त्याखाली दिसतो. त्यातले बारीक तंतू वाढताना, आखडताना दिसतात. मेंदू स्वतःला कसा बदलतो ते पाहायला ही विद्वान मंडळी येतात आणि स्वतः मात्र तसूभर बदलत नाहीत. प्रत्येकाला सकाळचीच वेळ हवी, कारण तेव्हा वीज स्थिर असते. वेळा वाटून द्यायचं काम माझं, म्हणून शिव्याही माझ्याच वाट्याला.

या भांडकुदळांत दीपमाला एकटीच अशी, की दिलेली वेळ निमूट घेई. तापीकाठच्या गावातली, नथ्थूआप्पांची मुलगी. शेतातला पंप बिघडला की बापाच्या मागे पाना घेऊन उभी राहत आलेली. ती इथे संशोधनाला लागली आणि तिकडे आप्पांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द फुटत नसे. डॉक्टरांनी रोज बोलण्याचा सराव करायला सांगितलं होतं. दीपमालाची आई मंगलाबाई समोर बसे आणि आप्पा तोंड फिरवून घेत. ज्या माणसाची हाक बांधापलीकडे ऐकू जायची, त्याला बायकोपुढे लहान पोरासारखं 'आ' करायची लाज वाटे.

दीपमालाने मग विषयच तो धरला. पिल्लाच्या मेंदूतला एक तंतू लेसरने तोडायचा आणि तो पुन्हा जुळतो का, हे दिवसामागून दिवस पाहत राहायचं. पिल्लं काचेसारखी पारदर्शक आणि तंतू हिरवे चमकतील अशी जात मुद्दाम तयार केलेली. मी एकदा बोलून गेलो, "मासानं जुळनं म्हनीसन आप्पानं जुळी का वं?"

ती तडकली. "भाऊ, तुम्ही तुमन्या वेळा वाटा."

बरोबर होतं तिचं. माझी जीभच काळी.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारं पुजल्याशिवाय शेतकऱ्याला चैन पडत नाही. ट्रॅक्टर, पंप, विळे, सगळ्यांना आप्पा दरवर्षी स्वतः हळदकुंकू लावत. त्या वर्षी हातच उचलेना. म्हणून दीपमालाने घरची हळद पुडीत बांधली, पुडीला आप्पांचा डावा हात लावला आणि ती केंद्रात घेऊन आली. यंत्राला हळदीचं बोट ओढलं, झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला. मीही केला. त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. मग तिने रुमालाला हात पुसले आणि पिल्लांच्या बश्यांत ताजं पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर, नेमक्या तुटलेल्या जागी, हिरवे ठिपके ओळीने उभे. पोरगी रडायलाच लागली. तिथूनच तिने घरी फोन लावला, "माय, जुळी ऱ्हायनं! आप्पाले सांग!"

त्या दिवसापासून आप्पा सरावाला बसू लागले. मंगलाबाई फोनवर सांगे, "तुन्हा बाप आते उठता-बसता तोंड हालाडी ऱ्हायना." आणि दिवाळीत त्यांच्या तोंडून 'दी' आला. घरी ते तिला दीपा म्हणत, त्या दीपाचा 'दी'. ती पेढे घेऊन आली, तिची वेळ बळकावणाऱ्या प्राध्यापकालाही तिने दोन दिले. मी माझी काळी जीभ मनातल्या मनात चावली.

दिवाळीनंतर तिने नवी पिल्लं घेऊन प्रयोग पुन्हा केला. काहीच जुळलं नाही. तिसऱ्यांदा केला, तेच. जुनी चित्रं लावून ती बसून राहिली. पूजेनंतर हाताळलेल्या बश्या सोडल्या तर तुटलेल्या जागी चमक कुठेच नव्हती. शेवटी तिने चिमूटभर हळद पाण्यात कालवून यंत्राखाली धरली. पडदा हिरवागार झाला. त्या प्रकाशात हळदच चमकते. जखमेला ती चिकटली होती, एवढंच.

ती गावी गेली. हळदीचं ऐकताच मंगलाबाईने तिला चुलीपाशीच अडवलं. "त्याले काहीच सांगू नको वं माय. तो बोली ऱ्हायना ना, तितलं बस शे."

"आप्पाले खोटं कसं सांगू?" म्हणत दीपमाला ओसरीवर गेली आणि बापाला सगळं सांगून मोकळी झाली. आप्पांनी शांतपणे ऐकलं. डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मंगलाबाई समोर बसली तेव्हा त्यांनी ओठ मिटून घेतले, ते मिटलेलेच. 'दी'सुद्धा पुन्हा आला नाही.

हे तिनेच मला परतल्यावर सांगितलं. मला तिचा राग आला, अजूनही येतो. कसला आलाय एवढा खरेपणा? पण तिच्याकडे पाहिलं की राग टिकत नाही. कोणाची पर्वा न करता मी तिला आठवडाभर सकाळची वेळ देऊन टाकली. ती येऊन यंत्रासमोर बसली, पण यंत्र सुरू केलं नाही. आम्ही दोघं एरवी अहिराणीत बोलायचो. त्या सकाळी मात्र ती परक्यासारखी शाळेतल्या मराठीत बोलली.

"भाऊ, माशाचं सोडा. माझ्या बापाच्या मेंदूत खरंच काहीतरी जुळत होतं. मी गप्प बसले असते, तर 'पा'सुद्धा आला असता."