काठावरच्या थपडा

शोभनाचा हात जड, हे माहेरी आणि सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. पुण्यात इंजिनीअरिंगला असताना बसमध्ये एकाने गर्दीचा फायदा घेतला, तर तिने कॉलर धरून त्याला पुढच्या स्टॉपवर खाली ओढलं आणि त्याचं थोबाड असं रंगवलं की शेवटी कंडक्टरला मध्ये पडावं लागलं. तिच्या लग्नात ही गोष्ट नवऱ्याच्या, म्हणजे श्रीरंगच्या, आत्यांनी कौतुकाने सगळ्यांना सांगितली आणि मांडवातली माणसं पोट धरधरून हसली. जड हाताचं कौतुक करायला काय जातं? तो दुसऱ्याच्या गालावर पडत असतो तोवर सगळी गंमतच.

हा हात तिला वडिलांकडून मिळाला होता. नागेशराव तासगावजवळच्या एका गावात हायस्कूलचे मास्तर. माणूस कष्टाळू, सरळ, आणि संतापला की राक्षस. पट्टा, छडी, पायातली वहाण, जे हाताला लागेल ते. घरी येताना ते सायकल स्टँडवर कशी लावतात, त्या आवाजावरून शोभनाला आजची संध्याकाळ कशी जाणार ते कळायचं. पोहायलाही त्यांनी तिला असंच शिकवलं. पाठीला डबा बांधला आणि विहिरीत ढकलून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात डबा सोडला आणि पुन्हा ढकललं. त्यांनीच तिला सांगून ठेवलं होतं की बुडणारा माणूस गळ्यात पडला तर दयामाया दाखवायची नाही. आधी तोंडावर एक ठेवून द्यायची आणि मिठी सुटली की केस धरून ओढायचं, नाहीतर दोघंही तळाला.

एकदा पट्ट्याचं बक्कल तिच्या कपाळाला लागलं आणि खोक पडली. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी विचारलं, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "विहिरीच्या पायरीवर पडले." बाईंनी मान डोलावली आणि त्या फळ्याकडे वळल्या. त्या संध्याकाळी वडिलांनी तिला आपल्या ताटातला पेढा दिला. कशाबद्दल ते दोघांनाही कळलं होतं.

अवनी झाली तेव्हा शोभना जर्मनीत कोलोनला एका पंप बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन इंजिनीअर होती आणि श्रीरंग विद्यापीठात संशोधन करत होता. पोरीला हात लावायचा नाही, असं शोभनाने तेव्हाच स्वतःला बजावलं. ते तिने पाळलंही, बऱ्यापैकी. म्हणजे दूध सांडलं म्हणून पाठीत एखादा धपाटा, उलटून बोलली म्हणून चापट, इतकंच. आपल्याकडे याला कुणी मारणं म्हणतही नाही. जर्मनीत म्हणतात, आणि तिथे कायद्यानेच त्याला बंदी आहे, हे श्रीरंग तिला अधूनमधून सांगायचा. कायदा येणार आहे का माझं पोर वाढवायला, असं विचारून ती त्याला गप्प बसवायची.

२०१५ च्या जुलैत कोलोन नुसतं भाजून निघत होतं. एका रविवारी तिघं आयफेलच्या डोंगरात गेले. तिथे जुन्या ज्वालामुखीच्या विवरात एक तळं आहे. चहूकडून गर्द झाडीचे उभे उतार आणि मध्ये काळसर पाणी. सगळा भाग संरक्षित. पोहायला एका कोपऱ्यात दोर लावून जागा आखलेली, पलीकडे जायला सक्त मनाई. ही मनाई पक्ष्यांसाठी असेल अशी शोभनाची समजूत होती. ती अर्धीच खरी होती. दोराच्या पलीकडे विवराचा तळ एकदम तुटतो, आणि वरचं पाणी कोमट असलं तरी पायाखालचं पाणी हाडं गोठवतं.

अवनी दहा वर्षांची. शाळेत पोहण्याचा बिल्ला मिळालेला, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं. दुपारी आभाळ भरून आलं आणि विवराच्या कडेवरून वारा खाली कोसळला. माणसं टॉवेल गोळा करायला लागली. शोभनाने धक्क्यावरून हाका मारल्या. "ग्लाइश!" अवनी ओरडली, येतेच म्हणून, आणि मुद्दाम दोराखालून पलीकडे गेली. वीज कडाडली, लाटा उसळल्या आणि पोर दिसेनाशी झाली.

शोभनाने कपड्यांनिशी उडी घेतली. पाणी तोंडावर फटके मारत होतं. अवनी वर आली, किंचाळली, पुन्हा खाली गेली. शोभना पोचली तेव्हा पोरीने तिच्या गळ्याला अशी मिठी घातली की दोघी एकदमच बुडाल्या. गारठ्याने छाती आवळली. अवनीची नखं तिच्या मानेत रुतली, गुडघा पोटात बसला. वर कुठे आणि खाली कुठे तेही शोभनाला कळेना. मग वडिलांनी शिकवलं होतं तेच तिने केलं. मूठ वळली आणि पोरीच्या तोंडावर मारली. मिठी सुटली. वेणी हाताला गुंडाळून तिने अवनीला वर खेचलं आणि तशीच ओढत काठाला आणली.

अवनी पालथी पडून पाणी ओकली. नाकातून रक्त वाहत होतं. मग तिने डोळे उघडले आणि "आई" म्हणाली. शोभनाचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर तिच्या मस्तकात तिडीक उठली. "मरायचं होतं का तुला?" असं ओरडत तिने त्या ओल्या, थरथरत्या पोरीच्या गालावर, पाठीवर, डोक्यावर थपडा हाणायला सुरुवात केली. टॉवेल घेऊन आलेली एक म्हातारी किंचाळली. एका माणसाने शोभनाचं मनगट धरलं, तर तिने त्याला लव्हाळ्यात ढकलून दिलं. दोघातिघांनी मिळून मागे ओढेपर्यंत तिचा हात चालूच होता. श्रीरंग गाडीतून छत्री घेऊन आला तेव्हा त्याची बायको चिखलात बसून हमसाहमशी रडत होती आणि त्याची मुलगी अनोळखी म्हातारीच्या कुशीत होती.

तासगावच्या विहिरीवर याचं कुणाला नवल वाटलं नसतं. तिथे बुडता बुडता वाचलेल्या पोराला आधी मार मिळतो आणि मग गूळ-खोबरं. इथे पोलीस आले.

आठवड्याभरात युगेंडआम्टमधून, म्हणजे मुलांची काळजी बघणाऱ्या सरकारी कचेरीतून फोन आला. एक बाई घरी येऊन सगळ्यांशी बोलणार होत्या. घराचं धाबं दणाणलं. पोरीला घेऊन गेले तर? शोभनाला अन्न गोड लागेना.

श्रीरंगने मात्र विचार करून ठेवला होता. "लिसन, मारलंस ते फक्त पाण्यात. रेस्क्यू होता तो, गेनाऊ, बरोबर ना? काठावरचा विषयच काढायचा नाही. त्या पावसात लोकांना काय क्लिअर दिसलं असणार?" शोभनालाही तेच हवं होतं.

कचेरीतून आलेल्या फ्राऊ लोरेन्त्स पिकल्या केसांच्या, शांत बोलणाऱ्या बाई निघाल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सगळे बसले. त्यांनी आधी अवनीलाच विचारलं, गालावर हे कशाचं? तो डाग आता हिरवा-पिवळा पडला होता.

अवनी खाली बघत जर्मनमध्ये म्हणाली, "आईने मला पाण्यातून काढलं. नंतर मी धक्क्यावर घसरून पडले."

हे तिला कुणी पढवलं नव्हतं. श्रीरंगही चपापून बघायला लागला. फ्राऊ लोरेन्त्सनी मान डोलावली आणि त्या पुढचा प्रश्न विचारणार होत्या. संकट टळत होतं. शोभनाला फक्त मूग गिळून बसायचं होतं. पण तिला त्या वाक्याने कानाखाली वाजवल्यासारखं झालं. तोच सपाट आवाज, तीच खाली घातलेली मान. विहिरीची पायरी तेवढी बदलली होती.

"ती खोटं बोलतेय," शोभना म्हणाली. "मला वाचवायला. पाण्यात मी तिला मारलं ते तिच्यासाठी. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन. काठावर मारलं ते माझ्यासाठी. तेव्हा ती वाचलेली होती."

श्रीरंगने डोळे मिटले. बाईंनी विचारलं, यापूर्वी कधी? शोभनाने सगळं सांगितलं, धपाटे आणि चापट्यांसकट. मग बाई अवनीकडे वळल्या आणि आईची भीती वाटते का, असं हळूच विचारलं.

अवनीने बराच वेळ टेबलाची कड नखाने खरवडली. "कधी कधी," ती म्हणाली. "आई आल्यावर किल्ल्या कशा ठेवते, त्यावरून मला कळतं."

शोभनाने आयुष्यात पुष्कळ मार खाल्ला होता. या वाक्यापुढे तो काहीच नव्हता.

पोरीला कुणी नेलं नाही. बाई येत राहणार होत्या, आणि शोभनाला पालकांच्या शिकवणीला जावं लागणार होतं. एवढं सांगून त्या श्रीरंगबरोबर दाराकडे गेल्या. शोभनाने अवनीच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून हात उचलला. अवनीचे डोळे आपोआप मिटले, मान खांद्यांत गेली.

हात तिथेच थांबला. शोभनाने तो सावकाश खाली घेतला आणि टेबलावर उताणा ठेवला. अवनीने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. तिने तो धरला नाही. पण ती उठूनही गेली नाही.