डॅशमास्तरांचं मशीन

डॅशमास्तर खालच्या हॉटेलात बशीतून चहा ओढत असायचे आणि आम्ही वर माडीवर इंग्रजी टायपिंग बडवत असायचो. बारा मशिनांचा खडखडाट, रस्त्यावर टांग्यांचा गलका, तरी कुणी डॅशच्या जागी एकच ठोका मारला की खालून हाक यायची, "कोण हाय त्यो? एकच मारलास की!" असले कान मी परत कुणाचे बघितले नाहीत.

टाइपरायटरवर आडव्या रेघेचं बटण एकच. एकदा मारलं की हायफन, लागोपाठ दोनदा मारलं की डॅश. एवढीशी गोष्ट, पण तिच्यापायी मास्तरांनी आमचा जीव नकोसा केला होता. "हायफन म्हणजे सायकलवर डबलसीट," ते सांगायचे. "चिकटून बसायचं, मधी हवा जाता कामा न्हाय. आन् डॅश म्हणजे बोलता बोलता पानाची पिंक टाकाय थांबलेला माणूस. त्याला जागा नगं व्हय?" सन-इन-लॉ हा शब्द आला की म्हणायचे, "ह्यो जावई ट्रिपलसीट. पोलीस धरतोय बघ!"

मला मेलीला या रेघांशी काय देणंघेणं? मला सुटका हवी होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साफ सांगितलं होतं, "एकदा परीक्षा दे. पास झालीस तर नोकरी, न्हाईतर कागलच्या आत्याचं पोरगं हायच." हे आत्याचं पोरगं म्हणजे तंबाखूखेरीज दुसरा विषय नसलेला प्राणी.

परीक्षेला मशिनं आपापल्या क्लासनं न्यायची पद्धत होती. मास्तरांनी हातगाडीवर गादी अंथरली, मशिनं मांडली आणि परीक्षेच्या शाळेपर्यंत माझ्या मशिनावर हात ठेवून चालत गेले. आणि मी गाढवीने काय केलं? घड्याळ बघून घाबरले आणि दिसेल त्या डॅशला एकच ठोका मारत सुटले. बाहेर येऊन सांगितलं तर मास्तर भर रस्त्यात ओरडले, "तौबा! समद्यांना डबलसीट बसवलंस?" निकाल लागला. नापास.

दुसऱ्या दिवशी मास्तर टोपी सावरत आमच्या दारात हजर. आबांनी 'या, बसा' म्हणायच्या आत त्यांनीच सुरुवात केली, "पोरीची कायबी चूक न्हाय. माझंच मशीन खराब. हातगाडीवरनं नेताना हायफनचा खिळा वाकला. दुसरा ठोका उठतच न्हाय."

मी आ वासून बघत राहिले. ते मशीन मास्तर रोज स्वतःच्या रुमालाने पुसायचे हो! आबा विरघळले. "आसं व्हय? मग परत बसू दे की तिला."

पण आमच्या आबांच्या पोटात काही राहील तर शपथ. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी मास्तरांच्या मशिनांची पार अब्रू काढली, तीही लेकीच्या कौतुकात. आठवड्याभरात सात पोरं पलीकडच्या क्लासला गेली. माडीवर निम्म्याहून जास्त मशिनं झाकलेली बघून मला रडूच फुटलं. म्हटलं, "मास्तर, मी आबांना खरं सांगते."

"गप बस," मास्तर खेकसले. "खरं सांगून कागलला जातीस काय? मशिनं मोकळी हायत. रोज दोन तास जादा बस."

मी बसले. पास झाले, नोकरीला लागले, आबा कट्ट्यावर पेढे वाटून आले. त्या सातांतलं मात्र एकही पोरगं परत आलं नाही, आणि मास्तरांनी मरेपर्यंत आबांना खरं कळू दिलं नाही.