समता रडत नव्हती

समता अकरा महिन्यांची असताना गोंदियाच्या बालरोगतज्ज्ञांनी रक्ताचा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "जन्मल्यावर फार झोपायची का?"

"हो. कधीच त्रास दिला नाही," मी म्हणाले. तेव्हाही मला त्याचा अभिमान होता.

आजाराचं नाव कंजेनिटल हायपोथायरॉइडिझम. म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जन्मापासूनच पुरेसा हार्मोन तयार करत नाही. त्या ग्रंथीला कामाला लावण्यासाठी मेंदूकडून टीएसएच येतं; ग्रंथी कमी पडली की ते वाढत जातं. समताचं टीएसएच फार वाढलं होतं.

लक्षणं आम्ही सगळी पाहिली होती. कावीळ महिनाभर रेंगाळली. शी चार-चार दिवस होत नसे. जीभ जाड, बेंबी फुगलेली, हातपाय गार. रडणं क्वचित, तेही घोगरं. दूध पिता पिताच तिचा डोळा लागायचा.

त्या वर्षी मी तिला चिचगडजवळ धानाच्या रोवणीला, रोपं लावायला, नेत होते. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाला लुगड्याची झोळी बांधायची आणि चिखलात उतरायचं. बाकीच्या बायकांना लेकरांसाठी सारखं वर यावं लागे. मला नाही.

"तुयं लेकरू लय शहाणं आहे व," शेजारची म्हणायची. "माह्या पोट्ट्याले दे थोडी अक्कल!"

डॉक्टर म्हणाले, "गोळी पहिल्या पंधरा दिवसांत सुरू व्हायला हवी होती. आता उंची वाढेल, अंगात जोर येईल. मेंदूचं नुकसान पूर्ण भरून येणार नाही. पुढचं मूल झालं, तर तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घ्या. काही घरांत हा दोष भावंडांतही येतो."

परतीच्या बसमध्ये कोहमारा गाव आल्यावर नवऱ्याने समताला माझ्याकडून घेतलं. मग म्हणाला, "आपणच सांगत फिरलो न, शांत आहे म्हणून."

दोन वर्षांनी धाकटा निखिल झाला, तेव्हा त्याचं रक्त तिसऱ्या दिवशी घेतलं. त्याचंही टीएसएच वाढलेलं निघालं. दहाव्या दिवशी गोळी सुरू झाली, चुरून, चमचाभर दुधात. रिपोर्टसाठी लॅबला रोज फोन करणाऱ्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची मी ऋणी आहे.

तुमचं बाळ फार शांत असेल, तर कौतुक नंतर करा. आधी टीएसएच तपासून घ्या.

समता आता पाच वर्षांची आहे. तिला चार शब्द येतात. निखिल तीनचा, दिवसभर बोलतो. सकाळी उपाशीपोटी दोघांना गोळी देते. एकदा त्याने विचारलं, "आई, ताई काऊन बोलत नाही?"

"तिची गोळी उशिरा सुरू झाली."

त्याला वाटलं, आज सकाळीच उशीर झाला. तेव्हापासून मी गोळ्या काढल्या की तो आधी तोंड घट्ट मिटून घेतो, मग समताकडे बोट दाखवून म्हणतो, "ताईले पयले दे."