तरव्याच्या आगीची राखण

आगीजवळ बसवलेल्या माणसाने उठायचं नाही — एवढी एकच गोष्ट मला सांगितली होती, आणि मी उठले. कशासाठी? मोटार बघायला! हसा, खुशाल हसा. त्या पोरीला मीही हसते. पण उठल्यावर पुढे काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलींनाही नाही.

माझं सासर पालीच्या आत, डोंगराला लागून. नवरा मुंबईला गिरणीत. घरात सासरे, सासूबाई, मी आणि माझी थोरली जाऊ — तिला मी अक्का म्हणायचे. थोरले दीर वारलेले, मूलबाळ नाही. अक्का दिवसभर राबायची आणि जरा टेकली की पेंगायची. तांदूळ निवडता निवडता मान खाली! आणि मी नकलांमध्ये वस्ताद. तिची ती लवणारी मान, ओठांतली फुसफुस — ओटीवर करून दाखवायचे आणि सासूबाईंना हसवायचे. सासू हसली की सुनेचा दिवस बरा जातो, एवढी अक्कल मला होती. बाकी अकलेचा आनंदच.

वैशाखात आमच्याकडे तरवा भाजतात. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, वाळल्या फांद्या, पातेरा, गवत पसरायचं आणि वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचं, म्हणजे आग सावकाश सरकते. एकाने आग झोडायला ओला टहाळा आणि पाण्याची घागर घेऊन राखणीला बसायचं — राखेवर हात ठेवता येईपर्यंत. त्या दिवशी सासऱ्यांनी पेटवून दिलं, मला बसवलं आणि सासूबाईंना घेऊन शेजारच्या वाडीत लग्नाला गेले. अक्का विहिरीवर होती.

आगीजवळ एकट्याने कधी बसलात? आधी नुसती धग लागते. मग निखाऱ्यांत माणसं दिसायला लागतात. मला एकच दिसत होतं. शिमग्याला येतो म्हणाला होता, आला नव्हता. आता पावसाळ्याआधीच्या मुंबईच्या बोटीही संपत आलेल्या. बंदरावर उतरलेला माणूस मोटारीने पालीच्या रस्त्याला लागतो — आज येईल का? उद्या? मी त्या आगीशी भांडत होते, रुसत होते, तिच्याकडून कबूल करून घेत होते. आग काय बोलणार! इतक्यात खाली रस्त्यावर भोंगा वाजला — आणि मी धावले.

टेपाच्या उंचवट्यावरून मोटार दिसली. थांबली. आणि उतरलं कोण? कोंबड्यांची डालगी घेतलेला एक म्हातारा.

परतले तेव्हा वारा फिरला होता. बांधावरच्या गवतातून आग गोठ्याच्या छपरावर चढली होती. मी तिथे असते तर चार टहाळे मारून विझली असती — चारच. अक्का विहिरीकडून धावत येत होती. आम्ही दोघींनी एका बैलाचं दावं तोडून त्याला ओढून काढलं. माझा हात तिथेच भाजला. दुसरा बैल आत राहिला. त्याचा आवाज — नाही, तो मी लिहिणार नाही.

धूर बघून सासरे धापा टाकत आले, मागोमाग सासूबाई. पेरणी तोंडावर आणि दावणीला एकच बैल. "आगीपाशी कोण होतं?" त्यांनी विचारलं.

गप्प बसता आलं असतं ना? रडता आलं असतं. मी म्हणाले, अक्काला बसवून मी पाण्याला गेले होते, तिचा डोळा लागला असणार. आणि म्हणता म्हणता — हे सांगायला मला इतकी वर्षं लागली — मी मान लववून दाखवली. जराशीच. सवयीने.

अक्का एकदाच बोलली, "मी नव्हते तिथं."

"झोपलेलं माणूस कुठंच नसतं!" सासूबाई कडाडल्या.

दुसऱ्या दिवशी तिला भावाकडे धाडून दिलं, पावस गावाच्या पलीकडे. भावजयीने तिला पडवीत जागा दिली. तिथेच काही वर्षांनी तापाने गेली. तिच्या आजारपणात मी गेले नाही, नंतरही नाही. कुठल्या तोंडाने जाणार? नवरा पुढच्या शिमग्याला आला, त्यालाही मी तेच सांगितलं. खोटं पुन्हा पुन्हा सांगितलं की आपल्यालाच खरं वाटायला लागतं म्हणतात. मला एक दिवसही वाटलं नाही. वय लहान होतं, सासूची धास्ती होती — सगळं खरं आहे. पण म्हणून पडवीतलं माणूस घरात येत नाही.

ती निघाली ती सकाळ तेवढी सांगायची राहिली. गाठोडं काखेत मारून ती अंगणाच्या तोंडाशी, बेड्यापाशी थांबली. सासूबाई ओटीवर उभ्या, माझ्या हाताला चिंधी गुंडाळलेली. अक्काने ती चिंधी सोडून बघितली, पुन्हा नीट बांधली. मग ओटीवर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली —

"खोबरेल लावत जा, डाग राहील नायतर. आणि काय गो... इतकी धावलीस ती, आला व्हता काय तो मोटारीतून?"