यात कुणाचा आवाज हाय का?

दुकानात कुणीही कॉम्प्युटर घेऊन आलं, तर केशरताई ‘काय बिघडलंय’ असं कधी विचारत नसे. डबा टेबलावर टेकायच्या आत तिचा पहिला प्रश्न यायचा, “यात कुणाचा आवाज हाय का?”

माणसं गोंधळायची. “येतो की, फॅनचा. घर्रर्र करतो नुसता.”

“फॅनचा न्हाई बे. माणसाचा.”

‘बे’ हा आमच्याकडं गड्यानं गड्याला म्हणायचा शब्द. ही मात्र तो सगळ्यांना वाटायची. सरपंचाला, शाळेच्या बाईंना, कंडक्टरला. कुणाला राग आला तर म्हणायची, “मेंढरांत वाढले मी. तितं आवं-जावं कोण करतं?”

नेकनूरच्या बसस्टँडसमोर तिचं एका शटरचं दुकान होतं. आत खुर्ची एकच, तीही गिऱ्हाइकासाठी. स्वतः ती उभ्यानं काम करायची. खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे. एक स्क्रू काढला की एक दाणा तोंडात. स्क्रीनवर थांबा असं आलं, की ही स्टँडला एक चक्कर मारून यायची. बाप आणि भाऊ अजूनही कळप घेऊन फिरत होते. ही एकटी बीडला मावशीकडं राहून कॉम्प्युटर शिकली, दुसऱ्याच्या दुकानात राबली आणि मग आपलं शटर घेतलं. “आमी चालणारी माणसं,” ती म्हणायची. “बूड टेकलं की आमचं डोकं झोपतं.”

मी तिच्याकडं गेले ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एसटीत सीपीयू मांडीवर घेऊन आणि रागानं फणफणत. मी पत्रकांच्या घरातली. वडील ऊसतोड कामगारांसाठी पत्रकं लिहायचे आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांच्या मथळ्यांवरून. वर्गातल्या मुली ‘कमळ’ वाचत होत्या तेव्हा मी ‘धिक्कार’ वाचत होते. वडिलांनंतर पत्रकं माझ्याकडं आली आणि त्यांचा जुना कॉम्प्युटरही. दसरा झाला की गावोगाव ट्रक लागतात. टोळ्या ऊस तोडायला निघून जातात आणि वस्त्या ओस पडतात. त्याआधी पत्रक हातात पडलं तर उपयोग, नाहीतर रद्दी. आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर अडला होता. एक फाईल उघडायला इतका वेळ, की तोवर चहा होऊन तो निवायचा.

“यात कुणाचा आवाज हाय का?”

मी ताठ झाले. “आहे. लोकांचा आवाज आहे!”

तिनं वरपासून खालपर्यंत मलाच तपासलं. “लोकांचा म्हंजी कुणाचा? नाव सांग.”

“नावं सांगता येणार नाहीत. मुकादमाच्या कानावर गेलं तर त्या बायकांना...”

“मला नको सांगू. तुला तरी म्हाईत हायत का?”

“आहेत!”

“मग झालं. उभी ऱ्हा. हा स्क्रू धर.”

झाकण निघालं आणि ती मोठ्यांदा हसली. खंडेनवमीला आईनं कोयत्याबरोबर, शिलाई मशीनबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा केली होती. झेंडूचा हार नेमका मागच्या जाळीवर. पाकळ्या आत ओढल्या जाऊन पंख्यात पिळल्या होत्या आणि हळदी-कुंकवाचा थर असा बसला होता, की पंखा सवाष्ण दिसत होता.

“मेंढीला बी ओवाळतात बे. पर तिच्या नाकात कुकू भरत न्हाईत.”

तिनं ब्रशनं सगळं झाडलं, वायरी खोचल्या, बटण दाबलं. कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. मला हायसं वाटलं. म्हटलं, दुपारच्या गाडीनं परत, संध्याकाळपर्यंत पत्रक तयार. मी डबा उचलायला हात घातला, तर तिनं माझा हात बाजूला सारला आणि डब्याला कान लावला.

“थांब. ही खोकती.”

मीही कान लावला. आतून अधूनमधून बारीक आवाज येत होता. टक्. मग काही नाही. मग पुन्हा टक्.

“हार्डडिस्क. घरी काय काय केलंस हिला?”

मी अभिमानानं सांगितलं. नको ते प्रोग्रॅम काढले, कचरा साफ केला, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून डिस्कची मांडणी नीट करायला लावली, डीफ्रॅग. ते तर पुरा दिवस चाललं होतं.

केशरताईनं कपाळावर हात मारला. “दमलेली मेंढी पळवलीस का बे! कावून? दमलेलीला हाकत न्हाईत. खांद्यावर घेतात आन् मुक्कामाला न्हेतात.”

“पण मला पत्रक आजच...”

“पत्रक मरू दे. तुज्या बाया यात हायत का न्हाई?”

त्या बायका त्यातच होत्या, दुसरीकडं कुठंच नव्हत्या. उन्हाळाभर मी वस्त्यांवर हिंडले होते. ज्यांच्या गर्भपिशव्या काढल्या होत्या अशा ऊसतोड बायकांशी बोलले होते आणि फोनवर ते बोलणं घेतलं होतं. फोन भरला की कॉम्प्युटरवर टाकायचं आणि फोन पुसायचा. त्यातली वाक्यं निवडून पत्रक करायचं होतं. ती डिस्क बंद पडली असती, तर त्या बोलल्या होत्या याला माझ्या शब्दापलीकडं काही पुरावा नव्हता.

तिनं डिस्क काढली आणि वायर लावून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. फोल्डर उघडायलाच इतका वेळ लागला, की ती दोनदा स्टँडला जाऊन आली. मला मात्र हलता येईना. शेवटी नावं दिसली. महिला एक, महिला दोन, महिला तीन...

“आदी कुणाची काढू?”

“सगळ्या काढा की! सगळ्या सारख्याच महत्त्वाच्या आहेत.” माझ्या घरात याला तत्त्व म्हणत.

“सारख्याच हायत गं. पर ही डिस्क सभा न्हाई, जीव सोडायलीय. एकेक मागावं लागंल. गावात कोण हाय आन् गेली कोण?”

मला प्रश्न कळेना. तिनं दाणा तोंडात टाकला. “जी गावात हाय ती परत सांगंल. जी गेली तिचा आदी.”

सत्यभामा मावशी. तिची टोळी सगळ्यांच्या आधी कर्नाटकात गेली होती. तिच्याजवळ फोन नव्हता. मुकादमाच्या फोनवरून बोलायचं, म्हणजे मुकादमाच्या समोर बोलायचं.

“महिला तीन,” मी म्हणाले. मग म्हणाले, “सत्यभामा.”

“हां. आता नाव घेतलंस.”

हिरवी पट्टी सरकू लागली आणि मध्येच अडकली. टक्. टक्. मी ओरडले, “काहीतरी करा ना!” केशरताई म्हणाली, “काय न करणं हेच करायलेय मी,” आणि तेही न जमल्यानं दारात येरझाऱ्या घालू लागली. त्या येरझाऱ्यांतच तिनं चकलांब्याच्या तात्यांची गोष्ट सांगितली.

दुकान नवं होतं तेव्हाची. तात्यांच्या घरचा कॉम्प्युटर असाच मंद झालता. नातू घेऊन आला. हिनं विचारलं, काय हाय यात? तो म्हणाला, काय न्हाई, गाणी हायत. हिनं सगळं पुसून नवं करून दिलं. वाऱ्यासारखा पळायला लागला कॉम्प्युटर. पुढच्या बाजाराला तात्या स्वतः आले. त्यांची कारभारीण वारली होती आणि तिचा आवाज त्याच्यातच होता. सकाळी कोंबड्यांना बोलावताना कुणीतरी गंमत म्हणून घेतलेला.

“शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ती डिस्क मागून घेतली, नवी बसवून दिली, लई खटपट केली. मग सरळ सांगितलं, तात्या, न्हाई सापडायचं. बरं म्हणले. आन् पुढच्या बाजाराला परत दारात. सापडलं का? अजून येतेत. आले की मी तो दिवसभर कुणाशी नीट बोलत न्हाई.”

तेवढ्यात पट्टी सुटली. मावशीची फाईल आली. केशरताईनं लगेच ती वाजवली. दुकानात सत्यभामा मावशी बोलू लागली, जशी उंबऱ्यावर बसून बोलली होती तशी, मध्ये शेळी ओरडत होती तशी. “पिशवी काढली तवा सगळे म्हणले, आता खाडा न्हाई. कामाचा एक दिस बी बुडायचा न्हाई. सगळ्यास्नी त्येवढंच पाहिजे हुतं. मला कुणी इचारलंच न्हाई.”

केशरताई उभी होती. ऐकता ऐकता ती खुर्चीवर बसली. तिला बसलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

त्यानंतर आणखी दोघींचे आवाज निघाले. मग डिस्कनं लांब खरवडल्यासारखा आवाज काढला आणि ती गप्प झाली. केशरताईनं वायर काढून लावली, डिस्क गार होऊ दिली, पुन्हा लावली. काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर ती खेकसली, “रडती कावून? मशीन मेलं. बाया जित्या हायत ना? ट्रक कवा हायत?”

“उद्यापासून.”

“मग हितं काय करतीस बे? नीघ!”

मी निघाले. वस्त्यांवर बोचकी बांधणं चाललं होतं. भांडी, चुली, कोयते ट्रकवर चढत होते. मी त्याच बायकांना पुन्हा विचारत होते आणि त्या बोचक्याची गाठ मारता मारता पुन्हा सांगत होत्या. एकजण म्हणाली, “एकदा सांगितलं की. हरवलंस व्हय?” आणि हसून पुन्हा सांगितलं, या वेळी जास्तच. दोघी मात्र भेटल्या नाहीत. त्यांचा ट्रक माझ्यासमोरून धुरळा उडवत गेला.

पत्रक उरलेल्या टोळ्यांपर्यंत पोहोचलं. आमच्या घरातलं प्रत्येक पत्रक ‘शोषित बंधू-भगिनींनो!’ असं सुरू व्हायचं. हे सुरू झालं ‘आता खाडा न्हाई’ या शब्दांनी. नाव घातलं नाही, पण वाक्यातला एक कानाही बदलला नाही. केशरताईनं ते दारात उभ्यानं वाचलं, घडी करून दाण्यांच्या खिशात ठेवलं आणि म्हणाली, “हं. आता आवाज हाय.”

पुढं माझं तिच्याकडं जाणं वाढलं आणि तिच्याकडं येणारे कॉम्प्युटर कमी झाले. ज्याच्या त्याच्या हातात फोन. रिकाम्या दुकानात ती पिंजऱ्यातल्यासारखी फिरायची. एका दुपारी सामान बांधताना दिसली. “कडा गावाला निघाले. तितं साखर कारखाना हाय, हापिसं हायत, कॉम्प्युटर हायत. हितला चारा संपला.” निरोपाचं दुसरं काही बोलली नाही. फक्त एक जुनी डिस्क फडक्यात गुंडाळून पिशवीत सगळ्यात वर ठेवली.

“तात्या आले तर सांग, ती माझ्यासंगं हाय. सापडंल असं म्हणू नको. खोटं बोलायचं न्हाई. पर रिकामं बी धाडू नको.”

“मग काय सांगू?”

“काय सांगायचं ते मला सापडलं असतं तर तुला सांगितलं नसतं का बे?”

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम त्या बंद शटरपाशी उभी राहिले. तात्या आले. पांढरं धोतर, हातात भाजीची पिशवी. शटरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “सापडलं का?”

“नाही, तात्या. केशरताई कड्याला गेल्या. डिस्क नेलीय बरोबर.”

“बरं,” ते म्हणाले आणि तिथंच उभे राहिले.

रिकामं धाडू नको. मला पत्रकं लिहिता येतात, सभेत बोलता येतं. त्यातलं काही तिथं कामाचं नव्हतं. शेवटी म्हटलं, “तात्या, कसा होता हो त्यांचा आवाज?”

त्यांना हे कुणी विचारलं नसावं. पिशवी त्यांनी पायरीवर ठेवली. इकडं तिकडं पाहिलं, घसा साफ केला. मग मान थोडी वाकडी करून, मूठ उघडून दाणे टाकावेत तसा हात हलवत, त्या भरल्या बाजारात बारीक, उंच आवाजात हाक घातली, “या या या या, बाऽऽ, या गं बायांनो...”

भाजीवाल्या वळून बघायला लागल्या. कंडक्टर दारात लोंबकळत बघू लागला. एक पोरगं खिदळलं. तात्या थांबले नाहीत. मी फोन काढला आणि बटण दाबलं.

“तात्या, तुमच्या मंडळींचं नाव?”

“गंगूबाई,” ते म्हणाले, आणि पुन्हा हाक घातली.