झडपेतल्या जंतूचं नाव

"तुमच्या हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलंय," डॉक्टर म्हणाले.

इकोच्या पडद्यावर माझी झडप उघडमीट करत होती आणि तिच्या कडेला काहीतरी लोंबत होतं, उसवलेल्या काठाचा दोरा लोंबतो तसं. त्याला व्हेजिटेशन म्हणतात आणि आजाराला इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस. रक्तातून आलेले जंतू हृदयाच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि झडप कुरतडत बसतात. लहानपणी सांधेताप झाल्यामुळे माझी झडप आधीच थोडी खराब होती. जंतूंना आयती जागा मिळाली.

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, "पण डॉक्टर, ती बाहेरचं काहीच खात नाही हो!"

कर्म माझं. हे म्हणजे माझे मिस्टर. आम्ही मूळचे मालवणकडचे, लग्नापासून घाटकोपरला. मी घरीच ब्लाऊज शिवते. बाहेर कुठेही गेलं की माझ्या वाटचं बोलायचं काम ह्यांच्याकडे. दवाखान्यात तर विचारूच नका. आमच्याकडे बाई आजारी पडली की डॉक्टर तपासतात तिला आणि विचारतात नवऱ्याला. ही पद्धत मला किती महागात पडणार होती, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

सुरुवात साध्या तापाने झाली. संध्याकाळी कणकण, सकाळी ठणठणीत. नाक्यावरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा ताप. वजन उतरायला लागलं. ब्लाऊज न्यायला आलेल्या बायका म्हणायच्या, "काकी, झकास बारीक झालात, काय करता सांगा ना!" काय सांगू, मरायला टेकलेय? मुंबईत रेंगाळणारा ताप म्हटला की आधी टीबीची शंका येते, तशी ती आलीच. थुंकी तपासली, छातीचा फोटो झाला, टीबी नव्हता. मग एक दिवस दोन जिने चढताना मध्येच बसले आणि उठताच येईना. तिथून थेट हॉस्पिटल.

तिथे ब्लड कल्चर झालं. म्हणजे रक्त एका बाटलीत घालून उबेत ठेवतात आणि त्यात जंतू वाढतो का बघतात. वाढला तर त्याचं नाव कळतं आणि कुठल्या औषधाने मरेल तेही. माझ्या बाटल्यांत काहीच वाढलं नाही. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं, "एक तर आधीच्या गोळ्यांनी जंतू दबलाय, नाहीतर तो या बाटलीत वाढणाऱ्यांतला नाही."

नाव नाही म्हणून मग सगळ्या शक्यता धरून इंजेक्शनं सुरू झाली. ताप हटेना आणि क्रिएटिनिन चढायला लागलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला तो कचरा, जो किडनीने बाहेर टाकायचा असतो. तो साठतोय म्हणजे किडनी थकतेय. जंतू आणि इंजेक्शनं दोघं मिळून तिच्या मुळावर उठली होती. इंजेक्शनं थांबवावी तर झडप जाणार, चालू ठेवावी तर किडनी. रोज सकाळी रक्त न्यायला माणूस आला की मी तोंड फिरवायचे. मला भीती वाटत होती, खूप भीती वाटत होती, आणि ती सांगायला तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढावा लागला असता.

एक शिकाऊ डॉक्टर मुलगी माहिती लिहून घ्यायला आली. दातांचं काही काम झालं होतं का? हे म्हणाले, नाही. गावी गेला होतात का? नाही. घरात पाळीव प्राणी?

"छे हो, आमच्या घरात माणसांनाच जागा पुरत नाही!"

ती हसली आणि गेली. मी तापात होते, डोळे मिटून पडले होते.

शेवटी झडप बदलावी लागली. ऑपरेशनआधी सर्जन स्पष्टच बोलले, "काकी, नवी झडप बसवतो. पण जंतू संपला नाही तर तो हिलाही खाईल." काढलेल्या झडपेचा ताजा तुकडा त्यांनी वेगळा ठेवून लॅबला पाठवला. सगळाच फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या रसायनात, बुडवला असता तर पुढची तपासणी कठीण झाली असती, हे मला मागाहून कळलं.

त्या तुकड्यातूनही काही उगवलं नाही. मग मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम वॉर्डात आल्या. मायक्रोबायोलॉजी म्हणजे जंतूंचं शास्त्र. त्या म्हणाल्या, "आता जंतू वाढवायच्या मागे लागत नाही. सोळा-एस रायबोसोमल आरएनएची तपासणी करू."

मला काय कळणार, कपाळ? पण बाई समजावून सांगणारी होती. प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिनं बनवणारी बारीक यंत्रं असतात, ती रायबोसोम. त्यांचा एक भाग म्हणजे हा आरएनए. जंतूच्या डीएनएत तो बनवायचा नमुना लिहिलेला असतो. त्या नमुन्याचे काही तुकडे सगळ्या बॅक्टेरियांत जवळपास सारखे, त्यामुळे कुठलाही असो, पकडता येतो. काही तुकडे जातीजातीत वेगळे, त्यावरून कोण ते ओळखता येतं. जंतू मेलेला असला तरी नमुना काही काळ शिल्लक राहतो. तो वाचायचा आणि ओळखीच्या जंतूंच्या नमुन्यांशी जुळवायचा. माणसाच्या पेशीतला वेगळा असतो, म्हणून घोटाळा होत नाही.

मी मास्क खाली ओढून म्हटलं, "म्हणजे बाही, गळा, हूकपट्टी सगळ्याच ब्लाऊजना असते. पण उलटा करून शिलाई बघितली की कुणी शिवलाय ते मला कळतं, तसं?"

"अगदी तसं," मॅडम म्हणाल्या.

तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये होणार होती, थांबणं भाग होतं. क्रिएटिनिन चढतच होतं. डायलिसिसचं नाव पहिल्यांदा कानावर आलं आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले.

रिपोर्ट आला तशा मॅडम जवळजवळ धावतच आल्या. "सापडला! बार्टोनेला हेन्सेली. मांजरांच्या पिसवांतून पसरतो, नखातून माणसात येतो. घरात मांजर आहे?"

"नाही," हे म्हणाले.

मी तीन बोटं वर केली.

आमच्या घरात आठवड्यातून तीनदा मासे. मुंडकी, कल्ले मी बिल्डिंगच्या मागच्या पायरीवर नेऊन घालते. एक बोका आणि दोन मांजरी. मांडीवर चढतात, हातातलं ओढतात, ओरखडे ठरलेलेच. शिवणारीच्या हाताला सुई टोचते तसेच ते, कोण मोजतंय?

"अहो, सांगायचं ना!" मी ओरडलेच.

"त्या शिकाऊ मुलीने घरातला पाळीव प्राणी विचारला. ती घरात कुठे आहेत? आणि पाळलीयत कुणी?" हे तावातावाने म्हणाले.

"एवढे दिवस उपाशी मेली असतील गरीब!"

ह्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी घालतंय गो. रोज बोंबील आणून. तू घरी येशील आणि विचारशील, म्हणून."

मॅडम हसून बेजार. मला हसू की ह्यांच्या टाळक्यात काहीतरी घालू, कळेना. मग रडूच आलं.

त्याच दिवशी किडनीला जड जाणारी इंजेक्शनं बंद झाली. डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला आणखी एक औषध सुरू झालं, कित्येक आठवडे. ताप आधी उतरला, क्रिएटिनिन हळूहळू.

तुमच्या घरात कुणाचं कल्चर कोरंच येत असेल तर या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. ती नाव सांगते. कुठलं औषध चालेल ते सगळं सांगत नाही आणि दर वेळी उत्तर मिळेलच असंही नाही. आणि आजारी माणसाला बोलू द्या. मांजरांना हाकलायला नको, असं मॅडमनी बजावलंय. मी आता हातमोजे घालून मुंडकी लांबूनच टाकते. सोसायटीवाले कुरकुरतात, कुरकुरू देत.

परवा तपासणीला गेलो. क्रिएटिनिन नॉर्मल. डॉक्टरांनी सवयीने ह्यांच्याकडे बघितलं, "काय काका, काही विचारायचंय?"

ह्यांनी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. डोळे भरलेले. इतक्या वर्षांत हा माणूस कुणापुढे गप्प बसलेला मी पाहिला नव्हता. तेव्हा ह्यांचा हात धरला आणि ह्यांच्या वाटचं मीच विचारलं.

"डॉक्टर, ह्यांना विचारायचंय, मी जगेन ना?"